‘बसून जाईल’ म्हणू नका, माप घ्या

जुन्या स्कूटरचा बेल्ट कसा ओळखायचा, हे आपण व्हिडिओत बघितलं. पण त्यामागचं धंद्याचं गणित सांगायचं राहून गेलं. स्पेअर पार्टचं दुकान टाकायचं डोक्यात असेल, तर हे आधी वाचा.

माझ्या दुकानाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जिंतूर रोडकडून परभणीत दूध घालायला येणारे एक काका जुनी किनेटिक होंडा घेऊन आले. बेल्ट तुटलेला, त्यावरचा नंबर घासून गेलेला. माझ्याकडे तो बेल्ट नव्हता, तसाच दिसणारा दुसरा होता. बीबीएत शिकलो होतो, आलेलं गिऱ्हाईक परत जाऊ द्यायचं नाही. म्हणालो, "काका, बसून जाईल."

बसलाही. तिसऱ्या दिवशी काका गाडी ढकलत आले. बेल्ट थोडा लांब होता. ढिला राहून कव्हरला घासला आणि फाटला. मी पैसे परत केले. काका म्हणाले, "पैशाचं जाऊ दे रे बाबा. दोन टायमाचं दूध घरीच राहिलं, त्याचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये गिअरचं काम हा बेल्टच करतो. वेग वाढला की तो पुढच्या पुलीत वर चढतो आणि मागच्या पुलीत खाली उतरतो. त्यामुळे लांबी, रुंदी आणि कडेचा कोन, तिन्ही जुळावं लागतं. काही बेल्टवर ७४३-२०-३० असं छापलेलं असतं. म्हणजे लांबी ७४३ मिलिमीटर, रुंदी २० मिलिमीटर, कोन ३० अंश. रुंदी कमी पडली तर बेल्ट पुलीत खाली बसतो आणि गाडी पळत नाही. मग गिऱ्हाईक इंजिनला दोष देतं, मिस्त्री कार्बोरेटर खोलतो, आणि चूक असते आपल्या काउंटरची.

म्हणून माझ्या दुकानात आता तीन नियम आहेत.

१. नुसतं गाडीचं नाव ऐकून बेल्ट द्यायचा नाही. अ‍ॅक्टिव्हा आली तेव्हा इंजिन १०२ सीसीचं होतं, २००९ मध्ये ते १०९ सीसीचं झालं. नाव तेच, आतलं इंजिन वेगळं. साल आणि इंजिन नंबर विचारायचाच.

२. जुना बेल्ट मागायचा, पण त्याच्या रुंदीवर विसंबायचं नाही. तो झिजून अरुंद झालेला असतो. त्यावरचा नंबर वाचायचा. नंबर गेला असेल तर पार्ट कॅटलॉग उघडायचा. होंडाच्या पार्ट नंबरात पहिले पाच आकडे २३१०० असले की तो ड्राइव्ह बेल्ट, आणि मधली अक्षरं मॉडेल सांगतात. नवा बेल्ट हातात आला की व्हर्नियर लावून रुंदी बघायची.

३. नसेल तर "नाही" म्हणायचं. थोडा अ‍ॅडव्हान्स घ्यायचा, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरहून मागवायचा आणि कोणत्या दिवशी मिळेल ते सांगायचं.

काही जण म्हणतील, मग सगळ्याच जुन्या गाड्यांचे बेल्ट भरून ठेवू. ते करू नका. रबर पडून पडून कडक होतं आणि भांडवल अडकतं. रोज खपतात ते ठेवा, बाकीचे ऑर्डरवर.

आता हिशोब बघा. समजा एका बेल्टवर शंभर रुपये सुटतात. चुकीचा दिला तर ते शंभर गेले, वापरलेला बेल्ट होलसेलवाला परत घेत नाही म्हणून त्याची किंमतही गेली, आणि गिऱ्हाईक गावात जाऊन चार जणांना सांगतं ते वेगळंच. याउलट "आज नाही, परवा देतो" म्हटलं आणि परवा खरंच दिला, तर तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी ब्रेक शू आणि ऑइलही तुमच्याकडूनच घेतं.

जुनी गाडी चालवणारा माणूस हौसेनं ती चालवत नसतो. त्याचं पोट त्या गाडीवर असतं. आपल्यासाठी तो एक बेल्ट, त्याच्यासाठी एक दिवसाची कमाई.

काका अजून येतात. गाडी बदलली, पण पार्ट हातात घेण्याआधी एकच विचारतात, "मापलं का रे?"

तुमच्याही काउंटरवर व्हर्नियर ठेवा मित्रांनो, आणि पहिल्या दिवसापासून वापरा. भेटू पुढच्या व्हिडिओत!