लिंबू पिळलं म्हणजे शिजलं नव्हे!

मैत्रिणींनो, आपल्या जालन्याला समुद्र कुठला? पण सुटीत मालवण-रत्नागिरीला जाणं होतंच. तिथल्या सुगरणी कालवं, तिसऱ्या शिजवूनच वाढतात. परदेशी थाटाच्या हॉटेलात मात्र कच्ची कालवं लिंबू पिळून पुढं येतात. तिथं जपा.

कोमट खाऱ्या पाण्यात कॉलऱ्याच्या जंतूचा एक भाऊबंद राहतो, व्हिब्रिओ व्हल्निफिकस. तो लिंबानं मरत नाही, तिखटानंही नाही. वासही येत नाही. धडधाकट माणसाचं बहुधा उलट्या-जुलाबांवर भागतं. पण यकृताचं दुखणं किंवा मधुमेह असला तर जंतू रक्तात उतरू शकतो. थंडी वाजून ताप, पायांवर रक्ताळ फोड! असे निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात.

म्हणून शिंपल्यांची तोंडं उघडल्यावरही ३ ते ५ मिनिटं उकळा. न उघडलेले टाकून द्या. हाताला चीर असेल तर कच्ची मासळी धुऊ नका. ताप आलाच तर तडक दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगा.

यजमानांना यकृताचा त्रास असेल आणि पाहुणे म्हणाले, “एकानं काय होतंय?” तर ताट सरळ बाजूला सारा. भीड भिकेची बहीण!