खाडा

आषाढ लागला की आमच्या टेबलावर दिवाळी अंकासाठी लेख येऊ लागतात. त्यांत एक विषय हमखास असतो: पुण्यातली जुनी खाण्याची ठिकाणे. यंदा असे सात लेख आले. सातही लेखांत गुडलक होते, वैशाली होती, बेडेकरांची मिसळ होती, मस्तानी होती. दोघांनी लक्ष्मी रस्त्यावरच्या पूना गेस्ट हाउसवर लिहिताना नानासाहेब सरपोतदारांनी ते १९३५ साली कसे सुरू केले, हेही मनापासून सांगितले होते. लेख चांगले होते. तरीही मी ते सगळे परत पाठवले, कारण एकाही लेखात खानावळ नव्हती.

वर्षभर हीच गोष्ट डोक्यात ठसठसते आहे. शहर वाढते आहे, असे म्हणताना आपण नवी हॉटेले मोजतो आणि शहर हरवते आहे, असे म्हणताना जुनी हॉटेले मोजतो. दोन्ही हिशेब, ज्याला बाहेर जेवायची हौस आहे त्याचे आहेत. ज्याला बाहेर जेवण्यावाचून गत्यंतरच नाही, तो या हिशेबात कुठेच येत नाही. आमच्या कार्यालयापासून पाच मिनिटांवर, सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत, असे हजारो जण राहतात. एका खोलीत चार कॉट, दिवसभर अभ्यासिकेत बैठक, पुढे स्पर्धा परीक्षा आणि मागे गावाकडे तीन-चार एकर कोरडवाहू. त्यांच्यासाठी पुणे म्हणजे मिसळ नव्हे. दोन वेळचे ताट कुठे मिळते आणि महिन्याला केवढ्याला पडते, एवढेच त्यांचे पुणे.

नवी पेठेतली एक खानावळ मला वीस वर्षे ठाऊक होती. वाड्याच्या तळमजल्यावर पुढच्या दोन खोल्या, सहा बाकडी, दारावर रंगाने लिहिलेले ‘घरगुती जेवण. फक्त मासिक.’ चालवणाऱ्या काकू बार्शीकडच्या. सकाळी साडेदहाला पहिली पंगत आणि रात्री साडेनऊला शेवटची. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री चूल बंद. ताटात तीन पोळ्या, एक पातळ भाजी, एक सुकी, वरण-भात, कांदा. पोळी संपली की मुलांनी नुसते वर पाहायचे, काकू वाढायच्या.

काकूंच्या वहीविषयी सांगायला हवे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची जमाखर्चाची वही. प्रत्येक मुलासाठी एक ओळ, ओळीत महिन्याचे साठ चौकोन. जेवला की टिंब, नाही जेवला की ‘खा’. म्हणजे खाडा. आगाऊ सांगून सलग तीन दिवस खाडे झाले, तर ते पुढच्या महिन्यात वळते व्हायचे. नावापुढे आडनाव नसे, गाव असे: परतूर, उमरगा, मोताळा, जत. एकदा मी सहज वही चाळत होतो. काकू एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हा बघा. सोमवारपासून चार खाडे आणि सांगून गेलेला नाही. एकतर आजारी आहे, नाहीतर पैसे संपलेत.” त्यांनी ताट वाढत असलेल्या एका मुलाला तिथल्या तिथे त्याच्या खोलीवर पिटाळले. मुलगा तापाने फणफणला होता. दुपारी त्याच्यासाठी मऊ भात गेला, आणि वहीत त्या दिवशीच्या चौकोनात टिंब पडले.

२०२४ च्या मार्गशीर्षात वाडा पाडायला निघाला. मालक आणि विकसक यांच्यात करार झाला, भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा मिळाल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या वाड्याच्या तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या, पावसाळ्यात वरच्या मजल्यावर माणसे जीव मुठीत धरून झोपत. पण काकू पोटभाडेकरू होत्या. वीस वर्षे त्यांनी भाडे एकाही महिन्याला चुकवले नव्हते, तरी त्यांचे नाव कुठल्याही कागदावर नव्हते. भांडी टेम्पोत चढली आणि साठेक मुलांचे ताट त्या पेठेतून उठले. आजूबाजूच्या गाळ्यांची भाडी अशी झाली आहेत की तीन हजार रुपयांत महिनाभर जेवू घालणाऱ्या बाईला तिथे उभेही राहता येत नाही. त्या जागी येणाऱ्या इमारतीचा फलक मी रोज पाहतो. तळमजल्यावर शोरूमचे गाळे दाखवले आहेत.

काकू किरकटवाडीला मुलाकडे गेल्या आणि तिथून डबे सुरू केले. २०२५ चा जानेवारी उजाडला आणि जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम) नाव साऱ्या शहराने ऐकले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात हातापायांतली शक्ती जाणारे रुग्ण एकामागोमाग निघू लागले. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही दगावले. पाण्याकडे बोट गेले, खासगी आरओ केंद्रांना टाळे लागले, बाहेरचे खाऊ नका असे सांगण्यात आले. ते सांगणे बरोबरच होते. पण ज्याच्या खोलीत चूल नाही, त्याने काय खायचे, हे कुणी सांगितले नाही. काकू पाणी वीस मिनिटे उकळून वापरत होत्या, तरी आठवड्याभरात चाळीस डब्यांचे नऊ डबे झाले.

इथे मला महापालिकेला सरळ विचारायचे आहे. २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली २३ गावे शहरात आली. पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाल्याचा आनंद तेव्हा साजरा झाला. गावे घेतली, त्यांचा मिळकतकर घेतला, बांधकामांच्या परवानग्या दिल्या. मग शुद्ध केलेले पाणी आधी का पोहोचले नाही? ज्या गावांवरून खडकवासल्याचे पाणी शहरात येते, त्याच गावांनी टँकरच्या आणि विहिरीच्या पाण्यावर जगावे, याला मी विकास म्हणणार नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि २०२५ उजाडले तरी महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. साडेतीन वर्षांहून अधिक काळ या शहराचे निर्णय प्रशासक घेत होते. नळाला पाणी नव्हते आणि ते ज्याला विचारायचे, तो माणूसही नव्हता.

एकेकाळी या शहरात अशा गोष्टींवर भांडणे होत. आजची महात्मा फुले मंडई १८८६ साली झाली, तेव्हा ती रे मार्केट होती. पालिकेचे सदस्य असताना मंडईवर एवढा पैसा घालण्याला स्वतः जोतीरावांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. कोण बरोबर होते हा मुद्दा आत्ता नाही. शहराने कुठून खायचे आणि त्यावर कोणाचा किती पैसा लावायचा, हा पालिकेच्या सभेतला विषय होता. आज विकास आराखड्यात शाळेला, उद्यानाला, वाहनतळाला, भाजी मंडईला, स्मशानाला आरक्षण असते. स्वस्त जेवणाला नसते.

जुने ते सोने, असे मला म्हणायचे नाही. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुले सात घरी सात वार लावून जेवत, माधुकरी मागत. १९०९ साली इथे अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेव्हा तिथली मुलेही माधुकरीवर शिकली. त्या वारांमागची माया खरी होती, पण ते वार प्रत्येक जातीच्या मुलासाठी नव्हते, हेही तितकेच खरे आहे. ज्यांना कुणाच्या घरी वार मिळत नव्हता, त्यांच्यासाठी शाहू महाराजांना १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करावी लागली. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली आणि गावाकडच्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय हे समाजाचे काम मानले. आडनाव न लिहिणारी काकूंची वही याच वाटेवरची. एका बाकड्यावर परतूर आणि जत शेजारी शेजारी बसतात, मुली बसतात, आणि कोण कोणाचा हे विचारायची गरज पडत नाही. हे पुण्याने हळूहळू, बरेच काही सोडून देऊन कमावले आहे. ते दोन-तीन वर्षांत मोडते आहे, म्हणून हा राग.

मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांकडे कुणीतरी वेळीच पाहिले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, त्या बायकांना बँकांची कर्जे मिळवून दिली आणि हा धंदा आहे, हे जगाला मान्य करायला लावले. चेन्नईत २०१३ साली अम्मा उणवगम आणि बंगळुरूत २०१७ साली इंदिरा कँटीन ही स्वस्त जेवणाची केंद्रे सुरू झाली, त्यांना जागा सरकारने दिली. आपल्याकडे २०२० च्या प्रजासत्ताक दिनी शिवभोजन थाळी आली, लोकांनी ती मनापासून स्वीकारली, आणि २०२५ साली त्याच केंद्रांच्या चालकांची बिले महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या वाचाव्या लागल्या. उधारीवर भात शिजवायला सांगणारे सरकार चुकते आहे.

२०२५ या वर्षाने बरेच काही दिले-घेतले. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. जुलैत शिवरायांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोची मान्यता मिळाली. पहिलीपासून हिंदी लादण्याचा डाव मराठी माणसाने एकजुटीने हाणून पाडला. आणि सप्टेंबरात मराठवाडा व सोलापूर पाण्याखाली गेले. २८ सप्टेंबरची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुरामुळे ९ नोव्हेंबरवर गेली. ते योग्यच झाले, पण पेठांमधल्या मुलांसाठी त्याचा अर्थ आणखी सहा आठवड्यांचे भाडे आणि आणखी सहा आठवड्यांचे जेवण असा होता, आणि ज्या शेताच्या भरवशावर ते पैसे येणार होते, ते शेत वाहून गेले होते. उमरग्याच्या एका मुलाने परवा मला सांगितले की तो रात्रीचे जेवण बंद करून दुपारी उशिरा जेवतो. यंदाच्या विशेष विभागाचा विषय ‘पाणी’ आहे. जानेवारीचे आणि सप्टेंबरचे, दोन्ही पाण्यांवरचे लेख त्यात आहेत. ते वाचताना या मुलाची आठवण ठेवा.

आता माझ्या स्वतःच्या सोसायटीविषयी. कोथरुडात आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. वैशाखात पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. तळमजल्यावर पाच गाळे येणार आहेत. एका सभासद बाईंनी सुचवले की एक गाळा कमी भाड्यात पोळीभाजी केंद्राला किंवा खानावळीला द्यावा. लगेच आवाज उठले: फोडणीचा वास वर येईल, पोरांच्या दुचाकी लागतील, गाळ्यांचा दर पडेल. दोन मिनिटांत विषय संपला आणि एका कॅफेच्या प्रस्तावावर अर्धा तास चर्चा झाली. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. १९८४ साली अहमदपूरहून आलेला मी, सहा वर्षे खानावळीत जेवून शिकलेला, एक शब्दही बोललो नाही. त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते.

माझे म्हणणे एवढेच आहे. नव्या गावांच्या विकास आराखड्यात दर प्रभागात खानावळीसाठी जागा राखून ठेवा. महापालिकेच्या बंद पडलेल्या गाळ्यांचे लिलाव पुकारण्याऐवजी ते दहा वर्षांच्या कराराने, परवडणाऱ्या भाड्यात, जेवण करणाऱ्या बायकांना आणि बचत गटांना द्या. तिथे पाण्याची तपासणी दर महिन्याला करा आणि अहवाल दारावर लावा. पुनर्विकासात पोटभाडेकरूचाही धंदा चालू होता, याची नोंद तरी घ्या. निवडणुकीत उमेदवार दारात आला की मेट्रोबद्दल, खड्ड्यांबद्दल विचाराल, तेव्हा हेही विचारा.

या अंकाचे बरेचसे वाचक आमच्याबरोबर तीस-तीस वर्षे आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या सोसायट्या पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत, हे तुमच्या पत्रांवरून कळते. आमची पुढची सभा कार्तिकी एकादशीनंतरच्या रविवारी आहे. पाचांतला एक गाळा खानावळीला कमी भाड्यात द्यावा, असा लेखी ठराव मी मांडणार आहे. सूचक मी आहे, अनुमोदक म्हणून त्या बाईंनी सही केली आहे. तुमच्या सभेतही हा ठराव मांडा.

काकू अजून किरकटवाडीतच आहेत. डबे पुन्हा एकवीसवर आले आहेत.