दादाची छत्री

वहिनी गेल्या आणि आमचा दादा बोलेनासा झाला. चाळीस वर्षे हौशी रेडिओवर साऱ्या जगाशी गप्पा छाटणारा हा गृहस्थ, घरात मात्र मुका!

गेल्या वर्षी श्रावणात कुणी टाकून दिलेली टीव्हीची छत्री त्याने गच्चीवर चढवली. २०१८ साली सोडलेल्या एका कतारी उपग्रहावर हौशी मंडळींसाठीही सोय आहे. ३६,००० किलोमीटरांवरून येणारी ती लहर तीन सेंटिमीटरांहूनही आखूड! छत्रीच्या तोंडाशी असलेली डबी उन्हाने तापली की आवाज घसरे. दादाने तिच्यातला क्रिस्टल काढून तापमानाला न बधणारा दुसरा बसवला. डाख देताना त्याचा हात कापत होता. मी पाहिले न पाहिलेसे केले.

“हे भंगार चालेल का?” मी विचारले.

“जगदीशचंद्र बोसांनी रेल्वेच्या वेळापत्रकात कथिलाचे वर्ख घालून असल्याच लहरी गाळून घेतल्या होत्या. तुझी पुस्तके कधी एवढी कामी आली?”

मराठीचा अध्यापक यावर काय बोलणार, वाचकहो!

वसुबारसेच्या संध्याकाळी गच्चीतून हाक आली. खरखरीतून कुणी ब्राझीलचा गडी आपले संकेतनाम सांगत होता.

“अरे, ऐक, ऐक!” म्हणत दादाने वहिनींची वेताची खुर्ची माझ्याकडे सरकवली.