खताचे जहाज कोणाच्या झेंड्याचे?



भंडाऱ्याच्या धानउत्पादकाला समुद्राशी काय घेणेदेणे, असे कोणी विचारील. घेणेदेणे आहे. आपल्या बांधीत पडणारे पोटॅश जवळजवळ सगळे जहाजाने येते. डीएपीचाही मोठा हिस्सा तसाच येतो.

ही जहाजे कोणाची? मालक एका देशाचा, नोंदणी दुसऱ्या देशात, खलाशी तिसऱ्या देशाचे. जिथे फी कमी आणि तपासणी ढिली, तिथला झेंडा लावायचा. यालाच 'सोयीचा झेंडा' म्हणतात. सोय मालकाची, जोखीम इतरांची.

मुंबईवर १० अतिरेकी समुद्रातून आले ते २००८ साली. त्याला तीन वर्षेही झाली नव्हती, तोच ३१ जुलै २०११ रोजी पनामाचा झेंडा असलेले 'पवित' हे बेवारस जहाज थेट जुहूच्या किनाऱ्याला लागले. ओमानजवळ खलाशांनी सोडलेले जहाज वाहत आले आणि किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाला पत्ता नाही! त्यात माणसे आणि दारूगोळा असता तर?

दुसरे उदाहरण बैरुतचे. मोल्दोव्हाचा झेंडा असलेले 'रोसस' हे मोडकळीस आलेले जहाज २०१३ मध्ये २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन तिथे अडकले. मालकाने हात वर केले. माल बंदराच्या गोदामात पडून राहिला आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी स्फोट होऊन २०० हून अधिक माणसे मेली. त्यानंतर आपल्याकडे चेन्नईजवळ जप्त करून ठेवलेला याच रसायनाचा सुमारे ७०० टन साठा घाईने हलवावा लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात 'रुबीमार'वर क्षेपणास्त्र पडले. झेंडा बेलीझचा, पोटात सुमारे २१,००० टन खत. दोन आठवडे ते बेवारस पडून राहिले आणि बुडाले. हल्ला युद्धाचा होता. पण जहाज वेळेत ओढून सुरक्षित बंदरात नेले गेले नाही.

कडक तपासणीने भाडे वाढेल, असे सांगितले जाईल. थोडे वाढेलही. पण ऐन रोवणीत खत आले नाही तर एका हंगामाचे धान जाते. त्याचा हिशेब कोण धरतो?

आयात बंद करा, असे आपण म्हणत नाही. मागण्या तीनच: खत आणणाऱ्या जहाजाचे वय, विमा आणि खरा मालक जाहीर करा, बेवारस जहाजाचा व धोक्याच्या मालाचा निकाल ठरावीक मुदतीत लावा, खरिपाचा साठा रोवणीआधी जिल्ह्यात पोचवा.

जिल्हा बैठकीत हा ठराव मांडायचा आहे. गावागावांत चर्चा करून या.