वॉर्डात जाण्याआधी शिकायची भाषा

एमबीबीएसचे पहिले वर्ष संपले की विद्यार्थ्याचा दिनक्रम बदलतो. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची परीक्षा झालेली असते. आता रोज काही तास वॉर्डात, रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहायचे असते. यालाच क्लिनिकल पोस्टिंग म्हणतात. पांढरा एप्रन, स्टेथोस्कोप आणि तपासणीचे जाडजूड पुस्तक घेतले की तयारी झाली, असा अनेकांचा समज असतो. बीडसारख्या जिल्ह्यात मात्र सर्वांत आधी कामी येते ती रुग्णाची बोली.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात उभे राहिले, ते ग्रामीण भाग डोळ्यांपुढे ठेवूनच. तेथे रुग्ण येतात ते प्रामुख्याने आसपासच्या खेड्यांतून. विद्यार्थी मात्र राज्यभरातून येतात. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात असल्याने काही परराज्यांतूनही येतात. पुण्या-मुंबईत वाढलेला मराठी मुलगाही ठणका, कळ, चमक आणि मुरडा यांतला फरक विचारला तर गोंधळतो. रुग्णासाठी ही चार वेगळी दुखणी आहेत.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये बाह्यरुग्ण विभागातील ८० नव्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६६ जणांच्या बाबतीत पाठवणाऱ्या डॉक्टरचे पत्र वाचून आणि रुग्णाची हकीकत ऐकून केलेले निदानच अखेर कायम राहिले. आज तपासण्या कितीतरी वाढल्या, पण कोणती तपासणी करायची हे अजूनही हकिकतीवरूनच ठरते.

‘रात्री पान लागलं’ असे नातेवाईक सांगतात, तेव्हा ते सापाचे नाव टाळत असतात. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या वहीत महत्त्वाची ओळच उतरत नाही. मण्यारचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. दाताच्या खुणा अनेकदा दिसत नाहीत, सूजही नसते. पहाटे पोट दुखू लागते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वास बंद पडू शकतो. अशा वेळी ‘रात्री कुठे झोपला होता?’ हा साधा प्रश्न जीव वाचवतो.

दुसरे उदाहरण ऊसतोड महिलांचे. २०१९ मधील शासकीय सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. अशी स्त्री कंबरदुखी घेऊन येते आणि विचारल्याशिवाय ‘पिशवी काढली’ हे सांगत नाही. बीजकोशही काढले असतील, तर कमी वयातच हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. म्हणून जुने कागद पाहणे आले. पण हा प्रश्न भरल्या वॉर्डात मोठ्याने विचारायचा नसतो. पडदा ओढून, शक्यतो परिचारिकेच्या उपस्थितीत, हळू आवाजात विचारायचा असतो.

क्षयरोगाचे नेहमीचे उपचार सहा महिने चालतात. ऊसतोडीची टोळी मात्र दिवाळीच्या आगेमागे गाव सोडते. ‘गोळ्या वेळेवर घ्या’ असे सांगण्याआधी ‘तोडीला कधी निघणार, कोणत्या कारखान्यावर?’ हे विचारले, तर पुढच्या गोळ्यांची सोय त्या ठिकाणी करता येते.

२०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा, संवाद, प्रथमोपचार आणि संसर्गापासून बचाव यांना जागा दिली आहे. अडचण वेळेची आहे. हे शिक्षण प्रवेशानंतर लगेच होते, वॉर्ड प्रत्यक्षात सुरू होतो तो दुसऱ्या वर्षात. मधल्या काळात पाठांतराच्या ओझ्याखाली बोलीचे चार शब्द विसरले जातात. पोस्टिंगच्या तोंडावर आठवडाभर उजळणी झाली, तर उपयोग होईल. ती घेण्यासाठी वॉर्डातल्या ज्येष्ठ परिचारिका आणि आशाताई यांच्याइतके जाणकार शिक्षक दुसरे नाहीत.

स्वतःची काळजीही याच तयारीचा भाग आहे. कावीळ ‘बी’च्या लसीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, त्यामुळे सुरुवात पहिल्या वर्षातच हवी. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. वरिष्ठ रागावतील या भीतीने गप्प राहणे धोक्याचे आहे.

गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथेही शासकीय महाविद्यालये सुरू झाली. तेथील विद्यार्थी येत्या काळात अशाच खाटांपाशी उभे राहतील. रुग्णाला मावशी, काका, आजी म्हणून हाक मारणे, आपण अजून शिकत आहोत हे सांगणे, तपासण्याआधी परवानगी घेणे आणि रुग्ण नाही म्हणाला तर ते मान्य करणे, एवढ्याला यंत्र लागत नाही, निधीही लागत नाही. शिकणाऱ्या हातांपुढे रुग्ण आपले शरीर ठेवतो, तो मोफत उपचारांचा मोबदला नव्हे. हे पहिल्या दिवशी उमगले, तर पुढचे शिक्षण सोपे जाते.