विषारी प्याद्याची बदनामी

गेल्या रविवारी पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. पुतणी तेरा वर्षांची, बुद्धिबळाच्या क्लासला जाते. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून त्यांच्या घरात दुसरा विषय नाही. तिने बापाच्या हातून फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "काका, सर म्हणतात नायडॉर्फ खेळ, पण विषारी प्यादं खायचं नाही. ते चूकच आहे."

चूकच? मंडळी, इथे माझं डोकं सटकलं.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. सिसिलियन बचावाच्या नायडॉर्फ प्रकारात पांढरा सहाव्या चालीला उंट जी५ वर आणतो, मग एफ४ करतो. उंट घर सोडून गेला, त्यामुळे मागचं बी२ चं प्यादं उघडं पडलं. काळा वजीर बी६ वर येऊन त्याच्यावर डोळा ठेवतो. पांढरा वजीर डी२ वर सरकून म्हणतो, खा! आणि काळा खातो. मग त्या वजिराला परत फिरण्यात चाली घालवाव्या लागतात, पांढऱ्याची फौज भराभर बाहेर येते, काळा राजा अजून मधल्याच घरात. बघणाऱ्याला वाटतं, संपला डाव.

सरांचा पुरावा ठरलेला आहे. १९७२, रेकजाविक, विश्वविजेतेपदाच्या सामन्याचा अकरावा डाव. फिशरने प्यादं खाल्लं, स्पास्कीने चौदाव्या चालीला घोडा चक्क आपल्या मूळच्या घरी, बी१ वर परत नेला, आणि ३१ चालींत फिशर हरला. पंधराव्या डावात फिशरने नायडॉर्फ खेळला, पण प्याद्याला हात लावला नाही. झालं, विषारी!

पण याच सामन्याच्या सातव्या डावात फिशरने हेच प्यादं खाऊन बरोबरी केली होती, ते कोणी सांगत नाही. अकराव्या डावातही घात प्याद्याने केला नाही. घोडा मागे गेल्यावर पंधराव्या चालीला फिशरने मधलं प्यादं डी५ वर सारलं आणि स्वतःच्या राजासमोरचे दरवाजे उघडले, तिथे गाडी घसरली. पुढे १९९३ मध्ये लंडनला शॉर्टने कास्पारोव्हविरुद्ध चौथ्या डावात तोच रस्ता धरला. घोडा बी३, वजीर ए३, उंटाने घोडा मारला, सगळं तसंच. कास्पारोव्ह काळ्याकडून जिंकला. आज संगणक या प्रकाराची चिरफाड करून बसले आहेत. त्यांच्या तीक्ष्णातल्या तीक्ष्ण हल्ल्यांतही काळ्याने अचूक उत्तरं दिली तर शेवट बहुतेक शहांच्या मालिकेने बरोबरीत होतो. काळ्याला आणखी काय पाहिजे? शिवाय हल्ला विरला की एक प्यादं जास्त, आणि पांढऱ्याचं ए२ चं प्यादं एकटं पडलेलं.

मी इंजिनियर माणूस. पूल भक्कम आहे की नाही हे त्यावरून जाताना पोटात गोळा येतो का यावरून ठरत नाही, भार घालून ठरतं. या पुलावर पन्नास वर्षं जगातले सगळ्यात जड ट्रक गेलेत.

आता सरांच्या बाजूचं खरं तेवढं मान्य करतो. हा प्रकार पाठ नसेल तर वीस चालींत पानिपत होतं. माझं झालंय. इथे आमच्या गावच्या लायब्ररीत शुक्रवारी पट मांडतात, तिथे एका निवृत्त रशियन आजोबांनी मला असाच भाजून काढला. मी नंतर सुस्कारा टाकला, "प्यादं खायलाच नको होतं." आजोबांनी काही न बोलता डाव मागे नेला, चौदाव्या चालीवर थांबवला आणि माझ्या उंटावर बोट ठेवलं. चूक तिथे होती, प्यादं खाण्यात नव्हती.

"अवघड आहे, आत्ता नको" आणि "चूक आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सांगणारे सर मला मान्य आहेत. दुसरी सांगणारे आपली न केलेली तयारी पोरीच्या डोक्यात नियम म्हणून घालतात. आणि तेराव्या वर्षी घातलेले नियम तिसाव्या वर्षीही निघत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगतो. "वजीर लवकर बाहेर काढू नये" हे आमच्या चाळीतलं ब्रह्मवाक्य पुसायला मला वीस वर्षं लागली.

पुतणीला एवढंच सांगितलं, सरांशी वाद घालू नकोस. १९७२ चा अकरावा आणि १९९३ चा चौथा असे दोन्ही डाव पटावर मांड, आणि विष नेमकं कुठल्या चालीत आहे ते त्यांनाच विचार.