आधी आखणी, मग इमारती

सप्टेंबर 1896मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि थोड्याच दिवसांत लोक मुंबई सोडून गावाकडे पळू लागले. विहार तलावाचे पाणी 1860पासून आणि तानसाचे 1892पासून शहरात येत होते. पण त्या पाण्याचा निचरा, खोल्यांतली हवा आणि उजेड यांची पुरेशी काळजी कुणी वाहिली नव्हती.

प्लेगनंतर 1898 साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने जुन्या मुंबईतली दाट वस्ती पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. घरे गेलेल्या गरिबांपैकी अनेकजण शेजारच्या चाळींत शिरले आणि तिथली दाटी आणखी वाढली. त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला मात्र आधी रस्ते, गटारे आणि बागा आखल्या, मग घरे बांधू दिली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीतल्या रस्त्यांवर आजही सावली आहे ती या क्रमामुळे. 1925 साली खुले झालेले शिवाजी पार्कही त्याच काळातले. आज तिथे खेळणाऱ्या मुलाला मैदानासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, कारण त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी ती जमीन राखून ठेवली.

कापडगिरण्या बंद पडल्यावर मुंबईला अशी संधी पुन्हा मिळाली. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी होती: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. सार्वजनिक वाटा आक्रसला. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. परळ-लोअर परळला मनोरे उभे राहिले, पण त्या भागाला दुसरे शिवाजी पार्क मिळाले नाही. ज्यांच्या घामावर गिरणगाव उभे राहिले, त्या कामगारांचे वारस घरासाठी आजही मोर्चे काढतात.

शहरातले जगणे सुसह्य होते ते जमिनीच्या वाटणीतून, आणि ही वाटणी एकदा चुकली की पुढच्या पिढ्यांना ती दुरुस्त करता येत नाही. पूर्व किनाऱ्यावर बंदराची विस्तीर्ण जमीन अजून शिल्लक आहे. तिथला पहिला मनोरा मंजूर होण्याआधी मैदाने, शाळा, दवाखाने आणि कष्टकऱ्यांची घरे नकाशावर निश्चित झाली पाहिजेत. आणि जाहीर सुनावणीशिवाय त्या नकाशातली एक रेघही बदलता येणार नाही, असा कायदा मुंबईकरांनी मागितला पाहिजे.